गाडी सुटायच्या आधीचं पाणी

आमच्या यायची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, एक खोड आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं समजन. गुलाबराव नाव. मालगाडीचे ड्रायव्हर होते. आता त्या नोकरीले लोको पायलट म्हणतात, पण आमच्या घरात ड्रायव्हरच. रिटायर होऊन काही वर्षं झाली, दुर्गजवळ पावर हाउस स्टेशनच्या बाजारामागं आमचं घर आहे, आणि हा माणूस अजूनही कुठं जाचं असलं की उठल्यापासून पाण्याले शिवत नाही. दुर्गले लग्न असो की जामुलले भाच्याकडे बारसं असो. मी गिलास पुढं केला की हात आडवा. म्हणतात, "गाडी सुटाच्या आधी पाणी नाही." अवो, कोणती गाडी? ऑटोनं तर जाचं आहे! पण नाही म्हणजे नाही.

त्यात त्यायची तरी काय चूक म्हणा. यायच्या काळात इंजिनात बाथरूम नव्हतं. मागं कोळशाचे भरलेले डब्बे, पुढं लाल सिग्नल, आणि इंजिन सोडून खाली उतराची सोय नाही. डोंगरगडकडून निघालेली गाडी चरोद्याच्या यार्डात कधी लागन, ते देवालेही ठाऊक नसे. म्हणून सगळे ड्रायव्हर तेच करत. ड्यूटीवर जाच्या आधी पाणी बंद, आणि लागली तरी दाबून धराची. या कामात आमचे हे एक नंबर, असं त्यायचं स्वतःचंच म्हणणं. लोकं मेडल दाखवतात, तसे हे आपलं धरून ठेवणं सांगत फिरत. धरून धरून दोनदा मुतखडा झाला, ते मात्र कोणाले सांगत नव्हते.

तर याच खोडीपायी आमच्या नातीची शाळा सुटाची वेळ आली होती. नात म्हणजे स्वानंदी. माझा मुलगा माधव रसमड्याच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये आहे. सून हर्षा बाजारात कपड्याच्या दुकानात काउंटरवर बसते. पोरीले दिवसभर आम्ही दोघं सांभाळतो. पोरगी अभ्यासात बरी, बोलण्यात पटपट, घरात मराठी आणि दाराबाहेर पाय पडला की हिंदी.

तिसरीत गेली आणि तिची शाळेत कपड्यात लघवी होऊ लागली. आधी कधीमधी, मग रोजचंच. शाळेतून हर्षाच्या दुकानात फोन येई, ती काउंटर सोडून कोरडा स्कर्ट घेऊन धावे. दुकानाचा मालक तोंड वाकडं करे. वर्गातल्या पोट्ट्यायनं तिचं नाव ठेवलं 'सूसू एक्सप्रेस'. वास येते म्हणून तिचा डेस्क वेगळा काढून दाराजवळ ठेवला, तिथं ती एकटीच. हे आमाले लय उशिरा समजलं, कारण पोरगी सांगेच ना. घरी आली की दप्तर फेकून सरळ मोरीत.

घरात सगळ्यायनं आपापली अक्कल चालवली. माधव म्हणे, आळशी आहे, उठून जाचा कंटाळा येते. हर्षानं एक दिवस दोन चापट्या दिल्या आणि मग स्वतःच रडत बसली. मी मीठ-मोहरीनं नजर काढली. कशानंच काही झालं नाही. मग आमच्या यायनं पोरगी हातात घेतली.

या दोघायचा एक खेळ होता. ओट्यावर हे ड्रायव्हर आणि ती गार्ड. एक लाल रुमाल, एक हिरवा रुमाल. ती हिरवा दाखवे, मग यायनं तोंडानं शिट्टी माराची आणि घरात जेवाले याचं. तर त्या खेळातच यायनं तिले ड्रायव्हरची विद्या शिकवली. उठल्यावर पाणी नाही, दूध अर्धा कप, बाटली शाळेत फक्त न्याची आणि आणाची. लघवी लागली तर मनात लाल रुमाल आणाचा आणि धरून ठेवाचं. पोरीसाठी आबाचा शब्द म्हणजे रेल्वेचा हुकूम. दुसऱ्या दिवसापासून बाटली जशीच्या तशी भरलेली घरी येऊ लागली, आणि स्कर्ट कोरडा!

झालं, आमचे हे जिलेबी घेऊन आले. गल्लीत ज्याले त्याले सांगून राहिले की माझी असिस्टंट ड्रायव्हर पास झाली. मी म्हटलं, अवो, पोरीचे ओठ पाहा, वाळून गेले. चार-चार दिवस संडासले जात नाही, जेवत नाही, पोट नगाऱ्यावाणी झालं. तर म्हणतात, सुरुवातीले होते असं, सवय होईन. मले राग आला, पण स्कर्ट कोरडा होता ना, त्यामुळं माझं कोणी ऐकून घेईना.

मग भादव्याच्या उकाड्यात एक दिवस वर्गातच तिले थंडी वाजून ताप आला. पोट धरून ती डेस्कवर वाकली आणि दोन्ही झालं, लघवीही आणि संडासही. सगळ्या वर्गापुढं. शाळेत कामाले असलेल्या कमलाबाईनं तिले धुतलं, टॉवेलात गुंडाळून बसवलं. हर्षा पोचली तेव्हा पोरगी भिंतीकडे तोंड करून होती. त्याच दिवशी मोठ्या मॅडमनं, म्हणजे प्रिन्सिपलनं, हर्षाले केबिनमध्ये बोलावून सांगितलं की पूर्ण बरी होत नाही तोवर घरी ठेवा, नाहीतर दुसरी शाळा पाहा. बाकीच्या पालकायच्या तक्रारी येऊन राहिल्या आहेत.

आता तुम्हीच सांगा, या कारणानं काढलेली पोरगी दुसऱ्या शाळेत गेली तर तिथं काय वेगळं होणार होतं? पोरीची शाळाच सुटणार, एवढं आमाले सगळ्यायले कळून चुकलं.

तापाचं औषध इथंच झालं, पण इथल्या डॉक्टरनं रायपूरच्या एका लहान मुलायच्या डॉक्टरकडे जाले सांगितलं. आम्ही सगळेच गेलो. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी केली, पोरीशी गप्पा मारल्या. मग कागदावर चित्र काढून सांगितलं. पोटात कडक संडास साचून बसला आहे, तो लघवीच्या पिशवीले दाबते. म्हणून पोरीले लागल्याचं कळत नाही, किंवा कळेस्तोवर होऊन जाते. यात आळस नाही, खोडी नाही, मार देऊन काही होणार नाही. पाणी कमी प्यायली म्हणून संडास अजून कडक झाला, लघवीत जंतू झाले, ताप आला. धरून ठेवणं तर सगळ्यात वाईट. औषध दिलं, पण म्हणाले, खरं औषध शाळेत आहे. बाटली तिच्या डेस्कवर पाहिजे. लागो न लागो, ठरलेल्या वेळी ती बाथरूमले गेली पाहिजे, आणि कोणी तिले अडवाचं नाही की रागवाचं नाही. महिने लागतील, पण सुधरन.

मग त्यायनं सहज विचारलं, पाणी कोणी बंद केलं होतं. हर्षा खाली पाहू लागली. सून आहे, सासऱ्याचं नाव कसं घेईन? माधव खिडकीकडे पाहू लागला.

आमचे हे खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "मी."

डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की मग आता तुम्हीच पाजा. परतीच्या लोकलमध्ये हे पावर हाउस येईस्तोवर बाटलीच्या झाकणानं पोरीले थोडं थोडं पाणी पाजत होते. स्वतः मात्र प्यायले नाहीत.

डॉक्टरची चिठ्ठी घेऊन हर्षा एकटीच शाळेत गेली. वर्गाच्या टीना मॅडमनं साफ सांगितलं की एकीले सोडलं की सगळा वर्ग उठते. तासाच्या वेळी बाथरूमले कुलूप असते, पोरं नळ उघडे टाकून पाण्यात खेळतात म्हणून. चावी कमलाबाईजवळ, आणि कुलूप उघडते फक्त मधल्या सुट्टीत. मोठ्या मॅडमनं चिठ्ठी फाइलले लावली आणि विचारलं, जिम्मेदारी कोण घेणार. बरी झाली की आणा, जागा ठेवतो, म्हणाल्या.

हर्षा घरी येऊन स्वयंपाकघरात खालीच बसली. म्हणाली, आई, जाऊ द्या, मी दुकान सोडते आणि घरीच शिकवते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोरीनं चोरी केली का कोणाचा खून केला, की तिले घरात कोंडाचं? माधव म्हणे, वर तक्रार करतो. त्यावर आमचे हे पहिल्यांदा बोलले. म्हणाले, तक्रारीनं शाळेत ठेवतील रे, पण दाराजवळच ठेवतील. उद्या मी येतो.

दुसऱ्या दिवशी हर्षा, मी आणि हे, असे तिघं गेलो. सवयीप्रमाणे पाण्याचा घोट नाही. साहेबायपुढं 'जी साहब' यापलीकडे हा माणूस कधी बोलला नाही, म्हणून मले धाकधूकच होती. मोठ्या मॅडमनं टीना मॅडमलेही बोलावलं. पुन्हा तेच सगळं झालं, नियम, बाकीची पोरं, पालकायच्या तक्रारी. टीना मॅडम म्हणाल्या की नर्सरीची असती तर गोष्ट वेगळी होती, इतनी बड़ी लड़की है, तिले समजाले पाहिजे.

हे उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली.

"मैडम, मैं बावन साल का था, तब इंजन में मेरी पैंट में हुआ. ये तो आठ की है."

मग आपल्या मोडक्या हिंदीत यायनं सगळं सांगितलं. वैशाखाचे दिवस होते. रसमड्याच्या अलीकडे लाल सिग्नलवर गाडी सकाळपासून उभी होती. पाणी प्यायले नव्हते, धरूनही ठेवलं होतं, सगळं नियमानं केलं होतं, तरी झालं. असिस्टंट आपल्या माधवच्या वयाचा पोरगा होता, तो बिचारा खिडकीबाहेर पाहत राहिला. यार्डात उतराच्या आधी यायनं बाटली उलटी करून स्वतःच्या मांडीवर ओतली, म्हणजे लोकायले वाटावं पाणी सांडलं. आणि घरी येऊन पँट स्वतः धुतली.

तेव्हा मले तो दिवस आठवला. मी बाजारातून आली तर हे नळाजवळ दगडावर पँट घासत बसले होते. जन्मात रुमाल पिळला नाही या माणसानं! मी किती चिडवलं होतं तेव्हा, काय भानगड आहे, काय लपवून राहिले म्हणून. तेव्हाच्या रेल्वे क्वार्टरातल्या बायायलेही हसत हसत सांगितलं होतं. हेही हसले होते तेव्हा. आता त्या खुर्चीत बसून मले इतकं वाईट वाटलं, आणि तितकाच रागही आला. बायकोले सांगितलं नाही, आणि या परक्या बायांपुढं सांगून राहिले.

हे बोलतच होते. म्हणाले, इतकी वर्षं गाडी चालवली, लाल सिग्नल कधी तोडला नाही, म्हणजे समज तर मले होती ना? तरी झालं. समजाचा यात संबंध नाही. मग म्हणाले,

"इसको प्यासा मैंने रखा, मैडम. सज़ा इसको मत दो."

मोठ्या मॅडम काही विरघळल्या-बिरघळल्या नाहीत. त्यायनं विचारलं, झालंच तर बदलवणार कोण. हर्षा म्हणाली, ती स्वतः बदलन, पिशवीत कपडे राहतील, फक्त आतून कडी लागणारं दार पाहिजे. मोठ्या मॅडम म्हणाल्या की बरं, सहामाही परीक्षेपर्यंत पाहू. कमलाबाईले बोलावून एका बाथरूमचं कुलूप काढाले लावलं.

टीना मॅडम पोरसवदाच बाई आहे तशी. तिनं विचारलं की उठून विचारलं तर पोरं हसतील, मग ही जाईन कशी? आमच्या यायनं खिशातून हिरवा रुमाल काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, स्वानंदीनं हा डेस्कवर ठेवला म्हणजे ती निघाली असं समजा, हिरवं दिसल्यावर ड्रायव्हर कोणाले विचारत नाही. मॅडमनं घडी करून रुमाल आपल्या पर्समध्ये ठेवला, म्हणाल्या, वर्गात तिले मीच देते.

घरी आल्यावर मी भांडलीच. म्हटलं, मले कावून नाही सांगितलं? तर म्हणतात, "तू हसली असती." मी उठून चहा ठेवला.

लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पहिल्याच आठवड्यात मोनू नावाच्या एका पोट्ट्यानं रुमाल लपवला आणि पोरगी जागीच भिजली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाचंच नाही म्हणून दारामागं बसली. हे तिच्या बाजूले खाली बसले. म्हणाले, मीही दुसऱ्या दिवशी गेलो होतो ड्यूटीवर, त्याच असिस्टंटसोबत. पोरगी उठली. टीना मॅडम मोनूवर फार ओरडल्या नाहीत, पण त्या दिवसापासून त्यायनं एक नवीन गोष्ट केली. तास सुरू असतानाच मध्ये फळा पुसाचा आणि सगळ्या वर्गानं बाटल्या काढून पाणी प्याचं, ज्याले जाचं त्यानं जाऊन याचं. स्वानंदी सांगे, पहिल्या दिवशी अर्धा वर्ग रांगेत होता. म्हणजे धरून सगळेच बसले होते! मोठ्या मॅडम गडबडीवरून कुरकुरल्या, पण बंद केलं नाही.

आमचे हे रोज सुट्टीच्या वेळी गेटवर. पोरगी आली की आधी बाटली हातात घेऊन हलवून पाहणार. रिकामी असली की खूश, भरलेली असली की तिथंच उभं करून पाजणार. बाकीच्या आया हसत. औषध सुरू होतं, पोट मोकळं होऊ लागलं. ओले दिवस कमी झाले, पण संपले नाहीत. त्या दिवशी पोरगी पिशवी घेऊन येई आणि सरळ सांगे, आजी, आज झालं, मी बदलून घेतलं. मोरीत लपणं बंद झालं, माझ्यासाठी तेच मोठं होतं.

सहामाही आली आणि गेली. मोठ्या मॅडमनं ठेवते म्हटलं नाही आणि काढते म्हटलं नाही. आम्ही रोज फोनची वाट पाहत होतो. फोन आला नाही. मग एक दिवस पोरगी ओरडतच घरात आली, "आजी, मले दाराजवळून उठवलं!" दुसऱ्या रांगेत, खिडकीजवळ बसवलं होतं, पोरींच्या मधात. मी तिच्या हातावर साखर ठेवली आणि देवापुढंही ठेवली.

शाळेचं वार्षिक संमेलन होतं त्या दिवशी स्वानंदीचा नाच होता, म्हणून आम्ही सगळे तयार होऊन निघालो. ऑटो दारात उभा. पोरगी आतून काठोकाठ भरलेला गिलास घेऊन आली आणि यायच्यापुढं धरला. यायनं सवयीनं हात आडवा केला. ती म्हणाली, "आबा, गाडी सुटाच्या आधी पाणी." हे तिच्याकडे पाहत राहिले. मग उभ्या उभ्या सगळा गिलास प्यायले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं.

आता सवय नाही ना त्या पाण्याची! मोठ्या मॅडमचं भाषण सुरू झालं आणि हे खुर्चीत चुळबुळ करू लागले. आम्ही बरोबर मधल्या रांगेत, उठलं की सगळ्या लोकायले दिसणार. एका हातानं खुर्ची घट्ट धरून बसले. कपाळावर घाम. मले कळत होतं, हा माणूस जीव गेला तरी उठणार नाही.

स्टेजच्या कडेले नाचाच्या पोरी उभ्या होत्या. स्वानंदीनं आबाकडे पाहिलं. तिलेही कळलं, तिले नाही कळणार तर कोणाले? तिनं कमरेले खोचलेला हिरवा रुमाल काढला आणि सगळ्यायसमोर हात वर करून धरला.

हे उठले. मोठ्या मॅडमले हात जोडले आणि लोकायच्या गुडघ्यांमधून वाट काढत निघाले. मॅडम भाषण थांबवून थांबल्या, हे दारापर्यंत पोचेस्तोवर, आणि मग पुढं बोलू लागल्या. पोरीनं रुमाल खाली केला.

माझे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना. बाजूच्या बाईनं घाबरून विचारलं, "काय झालं हो?"

म्हटलं, "काही नाही. आमचे हे बाथरूमले गेले."